डिस्चार्ज कार्डावर एक रकाना वाढवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी आटपाडीचा राहणारा. एसटीत ३१ वर्षं वाहक होतो, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. गेल्या वर्षी माझ्या पत्नीच्या डोक्यातली गाठ काढली. ती काढणाऱ्या सर्जनचे उपकार आमचं घर विसरणार नाही. पण ऑपरेशनच्या आधी काही दिवस आणि नंतर जवळजवळ दोन महिने आमच्या जिवाला जो घोर लागला तो रक्तातल्या साखरेचा. आधी बेसुमार चढलेली, आणि घरी आल्यावर एका पहाटे एकदम उतरलेली. यातलं बरंचसं टाळता आलं असतं, असं डॉक्टरांशी बोलून आणि माझ्या वहीतले आकडे पुन्हा पुन्हा पाहून माझं मत झालं आहे. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, सांभाळून घ्यावं.

हिला वर्षभर डोकं दुखायचं. सकाळी उठल्या उठल्या जास्त. आम्ही पित्त म्हटलं, मग चष्म्याचा नंबर म्हटलं, तो बदललाही. मार्गशीर्षातल्या एका सकाळी भाकरी थापताना हिचा उजवा हात आपोआप झटके द्यायला लागला. परातीतलं पीठ चुलीपर्यंत उडालं. ही शुद्धीवर होती. "अहो, हात बघा माझा," एवढं म्हणाली आणि पुढचं बोलणं अडखळलं. दोन मिनिटांत झटके थांबले, हात मात्र दुपारपर्यंत जड राहिला. सांगलीला एमआरआय काढला. डावीकडे, मेंदूच्या आवरणापासून वाढलेली ४ सेंटिमीटरची गाठ. मेनिंजिओमा. ही बहुतेक वेळा साधी असते, कर्करोगाची नसते, बायकांमध्ये जास्त आढळते, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा जिवात जीव आला. पण गाठीभोवती मेंदूला सूज खूप होती. थोरला मुलगा पुण्यात असतो, म्हणून तिथल्या एका रुग्णालयात दाखल केलं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. माझं म्हणणं एका रुग्णालयापुरतं नाही.

दाखल केलं त्याच दिवशी डेक्सामेथासोन सुरू झालं. वॉर्डात सगळे त्याला नुसतं 'डेक्सा' म्हणतात. ४ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, म्हणजे दिवसाला १६ मिलिग्रॅम. हे स्टेरॉईड आहे. कोरोनाच्या साथीत हेच औषध रोज ६ मिलिग्रॅम देत होते, यावरून वाचकांना अंदाज येईल. १९६१ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी मेंदूच्या गाठीभोवतीच्या सुजेवर ते वापरून दाखवलं आणि तेव्हापासून ते जगभर वापरात आहे. त्याचा गुण मी डोळ्यांनी पाहिला. वर्षभर न हललेली डोकेदुखी दीड दिवसात गेली. हात हलका झाला. ही उठून वॉर्डातल्या शेजारणीची वेणी घालायला लागली. आता ऑपरेशनची गरज आहे का, असंही आम्हाला वाटून गेलं. ते वाटणं चुकीचं होतं. सूज उतरली होती, गाठ होती तिथंच होती.

या औषधानं साखर चढते, हे त्या दिवशी आम्हाला कुणी सांगितलं नाही. हिला आधी मधुमेह नव्हता. हिच्या आईला होता. दाखल करतानाची उपाशीपोटीची साखर १०४, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ६.१. म्हणजे काठावर. ६.५ पासून मधुमेह धरतात. फाइलवर हे आकडे होते. आईचा मधुमेहही मी माहिती लिहून घेणाऱ्या डॉक्टरांना सांगितला होता.

दुसऱ्या दिवसापासून हिला भूक लागायला लागली, ती साधी भूक नव्हती. रात्री दोन वाजता उठून "काहीतरी द्या" म्हणायची. झोप नाही, चिडचिड. मग तहान. मग अर्ध्या-अर्ध्या तासाला लघवीला. चौथ्या दिवशी दुपारी जेवण झालं की गुंगल्यासारखी पडून राहायला लागली. आम्ही समजलो, गाठ दाबत असणार. आणि भेटायला येणारी आपली माणसं काय आणत होती? गावाकडची डाळिंबं, केळी, बिस्किटांचे पुडे, नारळपाणी. एका नातेवाइकांनी ग्लुकोज पावडरचा डबा आणला. "मेंदूचं ऑपरेशन आहे, अंगात ताकद पाहिजे." मी माझ्या हातानं ते पाणी कालवून हिला दिलं. दिवसातून दोनदा. हे आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

साखर तपासत नव्हते असं नाही. रोज सकाळी सहाला सिस्टर बोटाला सुई टोचून जायच्या. १०८, ११९, १२६. राउंडला आलेले डॉक्टर फाइल बघायचे आणि "शुगर ठीक आहे" म्हणून पुढच्या खाटेकडे जायचे. चौथ्या दिवशी दुपारच्या पाळीला एक वयस्कर सिस्टर होत्या. खाटेखालचा पाण्याचा पाच लिटरचा कॅन त्यांनी सकाळी भरलेला पाहिला होता, चार वाजता तो रिकामा होता. त्यांनी कुणी न सांगता साखर तपासली. ३४८. त्यांनी तो आकडा मला दाखवला आणि हिला विचारलं, "ताई, तहान कधीपासून लागतेय?"

त्या सिस्टरांनी जे सांगितलं ते नंतर मधुमेहाच्या डॉक्टरांनी जास्त समजावलं. स्टेरॉईडनं यकृत जास्त साखर रक्तात सोडतं आणि स्नायू, चरबी इन्सुलिनला दाद देत नाहीत. त्यामुळे जेवणातून आलेली साखर रक्तातच फिरत राहते. रात्रभर पोट रिकामं राहिलं की पहाटेपर्यंत ती बरीच खाली येते. म्हणून स्टेरॉईड चालू असलेल्या माणसाची साखर फक्त सकाळी उपाशीपोटी पाहिली तर ती फसवते. खरी साखर दुपारच्या जेवणानंतर आणि संध्याकाळी दिसते. इतकी साधी गोष्ट. घड्याळातली वेळ बदलायची, बाकी काही नाही.

साखर आटोक्यात येईपर्यंत ऑपरेशन दोन दिवस पुढं गेलं. डबा फेकला, डाळिंबं वाटून टाकली.

ऑपरेशनला साडेपाच तास लागले. रात्री काचेतून पाहिलं तेव्हा हिच्या डोक्याला पांढरा फेटा बांधल्यासारखी पट्टी होती आणि शेजारी एका छोट्या पंपातून थेंबाथेंबानं इन्सुलिन चालू होतं. तासाला साखर तपासत होते. आयसीयूत जी काळजी घेतली तिला तोड नाही. तिथल्या रेसिडेंट डॉक्टर, माझ्या मुलीच्या वयाच्या, रात्री अकराला मला म्हणाल्या, "काका, आम्ही साखर १४० ते १८० च्या मध्ये ठेवतो." मी विचारलं, नेहमीच्या माणसाची शंभरच्या आसपास असते, मग तेवढी का नाही आणत? त्या कंटाळल्या नाहीत. म्हणाल्या, साखर वर राहिली तर जखमेत जंतू वाढायची भीती, आणि दुखावलेल्या मेंदूचंही नुकसान होतं. पण फार खाली ओढली तर त्याहून वाईट, कारण मेंदू साखरेवरच चालतो आणि त्याला साठा करता येत नाही. पूर्वी शंभरच्या आसपास आणायचा प्रयत्न करत असत. मग २००९ साली 'नाइस-शुगर' नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागातले ६ हजारांवर रुग्ण त्यात होते. ज्यांची साखर ८१ ते १०८ च्या मध्ये ठेवायचा प्रयत्न केला त्यांच्यात ९० दिवसांत २७.५ टक्के रुग्ण गेले. ज्यांची १८० च्या आत ठेवली त्यांच्यात २४.९ टक्के. आणि साखर धोकादायकरीत्या उतरण्याचं प्रमाण पहिल्या गटात ६.८ टक्के, दुसऱ्यात अर्धा टक्का. हे आकडे मी नंतर मुलाकडून खात्री करून घेऊन वहीत उतरवले. त्या रात्री मात्र एवढंच डोक्यात शिरलं की या साखरेला वरचीही हद्द आहे आणि खालचीही.

वॉर्डात आल्यावर पंप गेला, इंजेक्शनं आली. तिथं एक गोष्ट मी रोज पाहिली आणि ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. जेवणाची गाडी साडेबाराला यायची. साखर तपासून इन्सुलिन द्यायला सिस्टरांना सवड मिळायची दीडला. एका सिस्टरकडं चोवीस-पंचवीस खाटा, त्यांना बोल लावायचा नाही. पण जेवण झाल्यावर तासानं साखर तपासली की ती चढलेलीच दिसणार, त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं की संध्याकाळी वेगळाच आकडा, रात्री तिसराच. माझ्या वहीत त्या आठवड्याचे आकडे आहेत: २७२, १९०, २८८, १४६, २६१. मग मीच ताट झाकून ठेवायला लागलो आणि सिस्टरांना सांगितलं, तुमचं इंजेक्शन झालं की ही जेवेल. आकडे दोन दिवसांत बसले. नातेवाइकांना एवढं जरी सांगून ठेवलं तरी ते आनंदानं करतात. बसून असतातच बिचारे.

तोवर व्हायचं ते झालं होतं. टाके काढायच्या वेळी कानामागच्या बाजूला जखमेचा एक कोपरा ओला दिसला. पाणी येत होतं. ताप आला. पुन्हा तपासण्या, रोज ड्रेसिंग, शिरेतून अँटिबायोटिक. आठव्या दिवशी घरी जायचं ते एकोणिसाव्या दिवशी गेलो. सर्जन म्हणाले, जखम चिघळायला एकच कारण नसतं, ऑपरेशन लांब चाललं, स्टेरॉईडनं प्रतिकारशक्ती कमी होते, आणि साखरही होती. मला ते प्रामाणिक उत्तर वाटलं. चढलेल्या साखरेत पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीनं आपल्या महाराष्ट्रात किती जणांचे डोळे, जबडे नेले ते आपण विसरलेलो नाही. तिथंही स्टेरॉईड आणि चढलेली साखर हीच जोडी होती. तेव्हा एवढी किंमत मोजून शिकलेला धडा न्यूरोसर्जरीच्या वॉर्डात रोज दुपारी चार वाजता आठवायला हवा.

आता डिस्चार्ज कार्डाकडं येतो. माझं खरं गाऱ्हाणं तिथं आहे.

वाहकाच्या हातात वेबिल असतं. पूर्वी, मशिन यायच्या आधी, प्रत्येक टप्प्याला तिकिटांचे नंबर वेबिलावर चढवावे लागायचे. टप्पा बदलला की आकडा बदललाच पाहिजे. गाडी मध्येच कुणी तपासली तरी उतारू किती, तिकिटं किती, हे त्या एका कागदावरून कळायचं. हिच्या कार्डावर डेक्साचे टप्पे नीट लिहिलेले होते: तीन दिवस रोज तीन गोळ्या, मग तीन दिवस दोन, मग तीन दिवस सकाळची एकच, मग अर्धी, मग बंद. अगदी बरोबर. हे औषध एकदम तोडायचं नसतं, शरीर स्वतःचं स्टेरॉईड बनवायचं थांबलेलं असतं, त्याला जागं व्हायला वेळ द्यावा लागतो. गावात एकानं "साखर वाढवणारी गोळी फेकून द्या" असं सांगितलं होतं; तसं कुणीही करू नये.

पण त्याच कार्डावर चार ओळी खाली, वेगळ्या अक्षरात, इन्सुलिन लिहिलं होतं: तीस-सत्तर (म्हणजे लवकर आणि उशिरा असर करणारं मिश्र इन्सुलिन), सकाळी १६ युनिट, रात्री १०. पुढं एकच शब्द, 'चालू'. टप्पे नाहीत. साखर चढवणारं औषध पायरी पायरीनं उतरणार आणि साखर उतरवणारं औषध आहे तिथंच थांबणार, हे त्या एका कागदावर स्पष्ट दिसत होतं. दोन विभागांच्या दोन डॉक्टरांनी आपापली ओळ बरोबर लिहिली होती. दोन्ही ओळी एकत्र वाचणारं कुणी नव्हतं. मीही नाही वाचल्या. ३१ वर्षं वेबिल लिहिलेल्या माणसाला ते दिसायला हवं होतं.

त्याआधी आणखी एक घोटाळा झाला, तोही सांगतो कारण तो कुठल्याही घरात होऊ शकतो. आपल्याकडं इन्सुलिनच्या बाटल्या बहुतेक ४० युनिटच्या मिळतात, म्हणजे एका मिलिलिटरला ४० युनिट. त्यांची सिरिंज लाल टोपणाची. दुसऱ्या असतात १०० युनिटच्या, त्यांची सिरिंज केशरी टोपणाची. पुण्याहून आणलेल्या लाल सिरिंजा संपल्या, गावातल्या दुकानातून घेतल्या त्या केशरी निघाल्या. सूनबाई इमानेइतबारे १६ च्या रेघेपर्यंत औषध भरत होती, प्रत्यक्षात जात होतं सहा-साडेसहा युनिट. दोन दिवस साखर २९० आणि ३१०. आम्ही डोस वाढवायच्या बेतात होतो. ड्रेसिंगला येणाऱ्या कंपाउंडरनं टोपणाचा रंग पाहून ओळखलं. उलटा घोटाळा झाला असता, १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तर अडीच पट इन्सुलिन गेलं असतं. घरी इन्सुलिन टोचणाऱ्या प्रत्येकानं आज रात्री आपल्या बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकमेकांशी ताडून पाहावा, ही हात जोडून विनंती.

सिरिंज बदलली, साखर १६० ते १८० वर आली. आम्ही निर्धास्त झालो. साखर तपासायच्या पट्ट्या महाग, एक पट्टी वीस-पंचवीस रुपयांची, आणि निवृत्त वाहकाची पेन्शन ती किती. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं म्हणून आम्ही तरलो, पण घरच्या पट्ट्या आपल्या आपण घ्यायच्या. दिवसाला चारऐवजी एकदाच तपासायला लागलो. सकाळची. पुन्हा सकाळचीच.

घरी येऊन आठवा दिवस. डेक्साची सकाळची एकच गोळी चालू झालेली. पहाटे सव्वातीनला हिच्या पुटपुटण्यानं जाग आली. दिवा लावला तर गाऊन घामानं चिंब, पौषातल्या थंडीत. मला "दादा" म्हणत होती, तिच्या थोरल्या भावाला म्हणते तशी. जीभ जड. उजवा हात थरथरत होता, तोच हात. मला वाटलं गाठ परत आली, नाहीतर आत रक्त झालं. धाकट्या मुलानं १०८ ला फोन लावला, शेजारी गाडी काढायला पळाला. इथून पुणं चार तासांच्या वर. त्या गोंधळात सूनबाई ग्लुकोमीटर घेऊन आली. मी तिच्यावर ओरडलो, आता ते काय करायचंय. तिनं ऐकलं नाही. ४४.

ही गिळू शकत होती, हे आमचं नशीब. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून सूनबाईनं थोडी थोडी पाजली. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. हे तिला अंगणवाडीतल्या प्रशिक्षणामुळं माहीत होतं. पंधरा मिनिटांनी ६९, परत साखरपाणी, नंतर ११२. हिनं डोळे पुसले आणि विचारलं, "एवढी माणसं का जमलीत?" रुग्णवाहिका आली तेव्हा ही भाकरीचा तुकडा दुधात कुस्करून खात होती.

मेंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाच्या बाबतीत हाच मोठा फेरा आहे. साखर उतरली की घाम, थरथर, असंबद्ध बोलणं, जीभ जड होणं, झटके. साखर फार चढली की गुंगी. ही सगळी लक्षणं गाठीचीही आहेत. घरचे लोक गाठीचाच विचार करणार. सूनबाईनं त्या घटकेला मशिन आणलं नसतं तर आम्ही हिला गाडीत घालून पुण्याच्या रस्त्याला लागलो असतो, आणि वाटेत काय झालं असतं ते मला लिहवत नाही.

सकाळी फोन केला. मधुमेहाच्या डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन लगेच बंद केलं, सकाळचं १६ वरून ८ वर आणलं. त्यांनी कारणही सांगितलं. डेक्साचा असर दीड-दोन दिवस टिकतो, पण गोळ्या एकावर आल्या की तोही ओसरतो. आणि रात्री टोचलेल्या मिश्र इन्सुलिनचा लांब पल्ल्याचा भाग नेमका पहाटे जोरावर असतो, तेव्हा पोट रिकामं असतं. म्हणजे आमची ती पहाट कार्डावर तारखेनिशी लिहिलेली होती, वाचणारा हवा होता. डेक्सा बंद झालं त्याच आठवड्यात इन्सुलिनही पूर्ण सुटलं. तीन महिन्यांनी एचबीएवनसी ६.३. अजून काठावरच. दर तीन महिन्यांनी तपासतो, ही रोज ओढ्यापर्यंत चालून येते. मांड्यांतली ताकद स्टेरॉईडनं गेली होती, खाली बसलं की हाताला धरून उठवावं लागायचं; ती परत यायला गाठीच्या जखमेपेक्षा जास्त दिवस लागले. उजव्या हाताची बोटं अजून थोडी आखडतात, भाकरी सूनबाई थापते.

माझं मागणं फार नाही. स्टेरॉईड ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी रुग्णाच्या माणसांना एक वाक्य सांगावं: यानं साखर चढेल, तहान-लघवी वाढली तर लगेच बोला. साखर दुपारी आणि संध्याकाळी तपासावी. आणि डिस्चार्ज कार्डावर स्टेरॉईडच्या टप्प्यांशेजारी इन्सुलिनचा रकाना असावा, तारीखवार, एकाच तक्त्यात, मराठीत. ज्या दिवशी गोळी कमी होईल त्या दिवशी इन्सुलिन किती, किंवा निदान "या दिवशी साखर चार वेळा तपासून या नंबरवर फोन करा". साखर ७० च्या खाली गेली तर काय करायचं, ही एक ओळ तळाशी. याला नवं मशिन लागत नाही, वेगळा निधी लागत नाही, दोन डॉक्टरांनी सही करायच्या आधी तो कागद एकदा एकत्र वाचायचा. ग्रामीण रुग्णालयातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनाही विनंती आहे. मोठ्या शहरातून ऑपरेशन करून आलेला माणूस टाके दाखवायला तुमच्याकडं येतो, तेव्हा कार्डावरच्या या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून पाहा.

सूनबाईनं आणि मी असा एक तक्ता आखला आहे. डावीकडं तारीख, मग डेक्सा, मग इन्सुलिन, मग साखरेचे चार रकाने. हिच्या वेळी तो असता तर कोणत्या दिवशी कोणता आकडा बदलायला हवा होता, ते मधुमेहाच्या डॉक्टरांनी लाल शाईनं भरून दिलं आहे. त्यावर "हा नमुना आहे, आपला डोस आपल्या डॉक्टरांनीच लिहावा" असं त्यांच्याच अक्षरात आहे. त्याची झेरॉक्स या पत्रासोबत जोडली आहे. पानावर जागा झाली तर तक्ताही छापावा. पत्र लांबलं म्हणून एकच काही घेता येणार असेल, तर पत्र कापा, तक्ता ठेवा.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी वाहक
आटपाडी, जि. सांगली

(नाव, पत्ता व फोन नंबर स्वतंत्र कागदावर दिला आहे. कृपया प्रसिद्ध करू नये.)